कोपराला गूळ

२०२४ ची दिवाळी. ३० ऑक्टोबर, बुधवार. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान होतं आणि आमच्या फ्रिमाँटच्या स्वयंपाकघरात मी बाह्या सरसावून सोऱ्या फिरवत होतो. बायको कढईपाशी. भाजणी जरा कोरडी मळली गेली होती, त्यामुळे दर तिसरी चकली वळणावर तुटत होती आणि त्याची बोलणी मला बसत होती. पण त्या संध्याकाळी मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. ओट्यावर, तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने टॅब्लेट टेकवला होता आणि त्यावर न्यूयॉर्कमधला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, पाचवा सामना चालू होता. न्यूयॉर्क यांकीज ५, लॉस एंजेलिस डॉजर्स ०. डॉजर्सचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा गोलंदाज, जॅक फ्लॅहर्टी जेमतेम चार जणांना बाद करून दुसऱ्याच इनिंगमध्ये डगआउटमध्ये परतला होता.

"कोण जिंकतंय?" बायकोनं विचारलं.

"लॉस एंजेलिस हरतंय."

"मी ते नाही विचारलं."

मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा. या देशात आलो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी, पहिल्या नोकरीतल्या लोकांनी पहिला सामना दाखवला तो खाडीला लागून असलेल्या जायंट्सच्या मैदानावर. जूनमधल्या संध्याकाळीही तिथे स्वेटर लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी शर्टाच्या बाह्या ओढत कुडकुडत बसलो होतो आणि आजूबाजूचे चाळीस हजार लोक एका सुरात "बीट एल. ए." असं ओरडत होते. समोर खेळत होता कोलोरॅडोचा संघ. लॉस एंजेलिसचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता. तेव्हाच लक्षात आलं की हे प्रकरण आपल्या ओळखीचं आहे. ही भाऊबंदकी आहे.

आणि खरोखरच आहे. दोन्ही संघ मूळचे न्यूयॉर्कचे. जायंट्स मॅनहॅटनमध्ये, डॉजर्स ब्रुकलिनमध्ये. १९५७ चा हंगाम संपल्यावर दोघांनी एकदमच बाडबिस्तरा गुंडाळला आणि कॅलिफोर्नियात येऊन एकानं उत्तर धरली, एकानं दक्षिण. घर सोडलं, बांधाचं भांडण मात्र बरोबर आणलं. २०२१ मध्ये आम्ही १०७ सामने जिंकलो, त्यांनी १०६. एवढं करून पुढच्या फेरीत गाठ पडली ती त्यांच्याशीच, आणि पाचव्या सामन्यातला शेवटचा बळी गेला तो आमचा फलंदाज फ्लोरेस याची बॅट वळली असं पंचाला वाटलं म्हणून. ती वळली नव्हती. असो.

माझा साडू लॉस एंजेलिसजवळ अर्व्हाइनला राहतो. तो डॉजर्सचा. हिदेओ नोमो नावाचा जपानी पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, अंग पिळवटून चेंडू टाकायचा त्या १९९५ साली हा शिकायला तिकडे आला आणि तिथलाच झाला. आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो, अहोजाहो करतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर एकमेकांचं बरं चिंतत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमध्ये एक गोष्ट उशिरा कळते. आपल्याला वाटतं, टोलेबाजीचा खेळ आहे, तर फलंदाज बघावेत. पण सामना कुठे जाणार हे बहुतेक वेळा पहिल्या पानावर एका माणसाच्या नावात लिहिलेलं असतं, आणि तो माणूस म्हणजे त्या दिवसाचा स्टार्टर. संघात असे पाच जण असतात. आज टाकलं की चार दिवस विश्रांती, पाचव्या दिवशी पुन्हा नंबर. साधारण नव्वद-शंभर चेंडू, नऊपैकी पाच-सहा इनिंग. मग बुलपेनमधले बदली लोक येऊन एकेक इनिंग ढकलतात. स्टार्टर लवकर कोसळला की बुलपेन झिजतं, बुलपेन झिजलं की उद्याचा सामनाही आजच हातचा जातो. घरातलं कमावतं माणूस आजारी पडल्यावर जे होतं तेच. आणि हंगाम आहे १६२ सामन्यांचा.

त्यामुळे शत्रूचं वाईट चिंतायचं असेल तर त्याच्या फलंदाजांकडे बघून उपयोग नाही. त्यांच्या कोपरांकडे बघावं.

२०२४ च्या हंगामाआधी डॉजर्सनं पैशाचा पाऊस पाडला होता. शोहेइ ओतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर. त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे त्या वर्षी तो फक्त बॅट धरणार, चेंडू टाकणार नाही. योशिनोबु यामामोतोला बारा वर्षांचे ३२.५ कोटी, त्यानं तोवर मेजर लीगमध्ये एक चेंडूही टाकला नव्हता. टायलर ग्लासनाऊला पाच वर्षांचे १३.६५ कोटी, सहा फूट आठ इंच उंची, चेंडू विजेसारखा आणि दुखापतींचा इतिहास त्याच्याइतकाच लांब.

२१ मार्चला सोलमध्ये यामामोतोचा पहिला सामना होता. इथे पहाटेचे तीन. मी गजर लावून उठलो, चहा केला. एका इनिंगमध्ये ४३ चेंडू, पाच धावा, आणि तो बाहेर. मी अंधारातच साडूला लिहिलं, "साडूभाऊ, ३२.५ कोटींत एक इनिंग. महाग पडली."

तोही जागाच होता. त्याचं उत्तर आलं, "ऑक्टोबरात बोलू."

माझ्या फोनमध्ये एक टिपण आहे. त्याचं नाव "शेजारी". त्या वर्षी ते वाढत वाढत किराण्याच्या यादीएवढं झालं. यामामोतो – खांदा, जूनपासून. शीहन – कोपर, वर्ष गेलं. गोन्सोलिन – कोपर, आधीच गेलेला. कर्शॉ – खांद्याची शस्त्रक्रिया, जुलैत परत. आला तो आमच्याचविरुद्ध आला, चार इनिंग टाकल्या. पुढे डाव्या पायाचा अंगठा, संपलं. बॉबी मिलर – आदल्या वर्षी अकरा सामने जिंकलेला पोरगा, यंदा नऊ इनिंगमागे साडेआठ धावा देतोय. ब्यूलर – कोपराची दुसरी शस्त्रक्रिया होऊन आलाय, एक जिंकला, सहा हरला. डस्टिन मे – हे मी दोनदा वाचून मगच लिहिलं. कोपराच्या शस्त्रक्रियेतून बरा होत असताना जेवणात सॅलडचा घास घशात अडकला आणि अन्ननलिका फाटली. तातडीनं शस्त्रक्रिया. त्या नोंदीपुढे मी चांगलं हसणारं चित्र टाकलं होतं. नंतर पुसलं.

स्टार्टर म्हणून त्यांनी त्या वर्षी डझनाच्या वर माणसं उभी केली. लग्नात आचारी पळून गेल्यावर जो समोर दिसेल त्याच्या हातात झारा द्यावा, तसं. आमचा लोगन वेब तोवर निमूटपणे दर पाचव्या दिवशी येऊन सहा-सात इनिंग टाकून जात होता. दोनशेच्या वर इनिंग, वर्षामागून वर्ष. पण त्याच्याविषयी माझ्या फोनमध्ये एक ओळ नाही. आपल्या घरातल्या धडधाकट माणसाची कोण नोंद ठेवतो?

इथे एक विषयांतर, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

बेसबॉलमधल्या या कोपराच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉनचं नाव आहे. टॉमी जॉन हा पिचरच होता, आणि तोही डॉजर्सचा. १९७४ साली त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं. तोवर असा पिचर घरी जायचा, दुसरा धंदा बघायचा. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक कंडरा काढली, कोपराच्या हाडात भोकं पाडली आणि त्यातून ती ओवली. खाटेची नवार घट्ट करावी तशी. १९७६ मध्ये जॉन परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला, आधी जिंकले होते त्याहून चाळीस जास्त. आज मोठ्या लीगमध्ये अशी दुरुस्ती झालेले पिचर इतके आहेत की नुसतं "टॉमी जॉन झालं" म्हटलं की पुढचं वर्ष-दीड वर्ष गेलं हे सगळ्यांना समजतं.

कारणही सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांतानं टाकायचा. वेग वाढवायचा, चेंडूची फिरकी वाढवायची, हात राखून टाकणं म्हणजे कमीपणा. मेजर लीगनं स्वतःच २०२४ च्या डिसेंबरात अहवाल काढून हेच सांगितलं. बुमराहच्या पाठीत चमक आली की आपल्या अख्ख्या देशाच्या पोटात गोळा येतो, तसं इथे तीस संघांत कोपरांचं आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना गल्लीतल्या संघात पिचर होता. लिटल लीगमध्ये त्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा असते. मी तारेच्या कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत बसून एकेक चेंडू बोटांवर मोजायचो, जप करावा तसा. एका शनिवारी एकोणसाठाव्या चेंडूनंतर त्यानं हात खाली सोडला आणि बोटं एकदा पसरून मिटली. बाकी काही नाही. ओरडला नाही, कोपर धरलं नाही. पुढचा चेंडू टाकला, तो फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. गाडीत बसल्यावर मी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं तर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "दुखत नाहीये, बाबा." डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, हाड अजून वाढतंय, तीन महिने चेंडू बंद. तीन महिन्यांनी त्यानं पहिल्या बेसवर उभं राहायला सुरुवात केली. पिचिंगचं नाव त्यानं परत काढलं नाही, मीही नाही.

बोटं पसरून मिटण्याची ती खूण तेव्हापासून माझ्या डोळ्यांत बसली आहे. टीव्हीवर पिचर दिसला की मी चेंडूऐवजी त्याच्या मोकळ्या हाताकडे बघतो. कुठे काही बिनसलं तर समालोचकांच्या आधी मला कळतं, आणि तो पिचर डॉजर्सचा असला की मी फोन उचलतो.

त्या जुलैत रिव्हर रायन नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुलानं आमच्याविरुद्ध पदार्पण केलं. छान टाकलं त्यानं, मला राग आला. ऑगस्टमध्ये, त्याच्या चौथ्याच सामन्यात, हात आखडला म्हणून त्याला बाहेर नेलं. मैदानावर प्रशिक्षक त्याच्याशी बोलत होता आणि तो जमिनीकडे बघत होता. चार सामने. दोन-चार दिवसांनी बातमी आली, टॉमी जॉन. मी टिपण उघडलं, "रायन – को" एवढं लिहिलं आणि फोन उलटा ठेवून बाहेर कचरा टाकायला गेलो. ती नोंद अजून तशीच आहे, "को".

पण म्हणून मी सुधारलो असं नाही. सप्टेंबरात ग्लासनाऊचं कोपर गेलं, गॅव्हिन स्टोनचा खांदा गेला, आणि मी साडूला बाप्पाच्या प्रसादाच्या मोदकांचा फोटो पाठवून खाली लिहिलं, "गणपतीला सांगितलंय तुमच्यासाठी. पण त्यालाही हात चारच आहेत."

"ऑक्टोबरात बोलू."

ऑक्टोबर उजाडला तेव्हा त्यांच्याकडे धड स्टार्टर होते तीन. यामामोतो, जुलैअखेरीस डेट्रॉइटहून आणलेला फ्लॅहर्टी, आणि एक जिंकून सहा हरलेला ब्यूलर. ओतानीसकट ९८ सामने जिंकलेला संघ, आणि चौथ्या दिवशी टाकायला माणूस नाही. पाच सामन्यांच्या फेरीत सॅन डिएगोनं त्यांना दोन-एक असं कोंडीत पकडलं. चौथ्या सामन्याला स्टार्टरच नव्हता. मी कामावरून लवकर घरी आलो, सोफ्यावर पाय पसरले, चिवड्याचा डबा मांडीवर घेतला.

बुलपेनमधल्या आठ जणांनी तो सामना टाकला. एकही धाव दिली नाही. ८-०. दोन दिवसांनी २-०. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध पुढच्या सामन्यात ९-०. लागोपाठ ३३ इनिंग धाव नाही, १९६६ पासूनच्या विक्रमाची बरोबरी. चिवडा मऊ पडला.

मराठीत कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. वर्षभर मी त्या कोपरांवरच्या गुळाकडे मान वळवून बघत होतो.

तर, चकल्या. पाच-शून्य. यांकीजचा गेरिट कोल असा टाकत होता की चार इनिंगमध्ये डॉजर्सला एक हिट नव्हता. मी पिठात पाण्याचा हात घेऊन नव्यानं मळलं, सोऱ्या भरला. पाचवी इनिंग. एक हिट. मग ॲरन जजच्या हातात सरळ आलेला झेल सुटला. असा झेल आमच्या सोसायटीतली पोरं घेतात. मग शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या क्षेत्ररक्षकानं चेंडू चुकीचा फेकला. कोलनं दोघांना स्ट्राइकआउट, म्हणजे थेट आपल्या चेंडूंवर बाद केलं, त्यात ओतानी होता, आणि मी सोऱ्याचा दांडा जोरात फिरवला. मग एक साधा चेंडू पहिल्या बेसकडे गेला आणि कोल बेसकडे धावलाच नाही. हात करून उभा राहिला. धाव. दोन धावा. आणखी दोन. ५-५.

"अहो, पुरे!" बायको ओरडली. कागदावर चकलीचे नऊ-दहा वेढे झाले होते, मोठ्या ताटाएवढी एक चकली, आणि या वेळी ती कुठेच तुटली नव्हती.

शेवटच्या इनिंगला, ७-६ ची आघाडी सांभाळायला, बुलपेनचं दार उघडलं आणि ब्यूलर धावत आला. एक जिंकून सहा हरलेला. दोन दिवसांपूर्वीच त्यानं तिसरा सामना टाकला होता. तीन जण आले, तिन्ही गेले. त्यानं दोन्ही हात पसरले. मी त्याच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होतो.

साडूचा निरोप एका शब्दाचा होता. "ऑक्टोबर."

यानंतर शहाण्या माणसानं ते टिपण पुसून टाकलं असतं. पण २०२५ आलं. त्यात आमचाच ब्लेक स्नेल त्यांच्याकडे गेलेला. हा मनुष्य आमच्याकडे २०२४ मध्ये आला तेव्हा त्याचे पहिले सहा सामने बघवत नव्हते. आम्ही सोसलं. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला त्यानं ११४ चेंडूंत एकही हिट न देता सामना संपवला, जायंट्ससाठीचा त्याचा तो पहिला विजय. आता कुठे गडी रुळला म्हणेपर्यंत हिवाळ्यात आम्हाला कोपरापासून हात जोडून तो दक्षिणेला निघून गेला. पाच वर्षांचे १८.२ कोटी. तिथे दोन सामने टाकले आणि त्याचा खांदा धरला. मी यादीत पहिलं नाव त्याचं लिहिलं, आणि खरं सांगतो, त्याच्यासाठी मला अजिबात वाईट वाटलं नाही. मग ग्लासनाऊ. मग नवा आणलेला रोकी सासाकी. ओतानी जूनमध्ये परत टाकायला लागला तोही एकेक, दोनदोन इनिंग, बाळाला पहिला वरणभात भरवावा तसा.

ऑक्टोबरपर्यंत मात्र सगळे बरे झाले. स्नेलनं मिलवॉकीत आठ इनिंगमध्ये एक हिट दिला. यामामोतोनं दुसऱ्या दिवशी अख्खा सामना एकट्यानं टाकला, जो प्रकार आता कोणी करत नाही, आणि टोरंटोत वर्ल्ड सिरीजमध्ये पुन्हा केला. एका संध्याकाळी ओतानीनं सहा इनिंग टाकून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि मधल्या वेळात तीन होमरन मारले. आमच्या ८१ विजय आणि ८१ पराभवांचा हिशेब मांडून मी कधीच मोकळा झालो होतो.

१ नोव्हेंबर, सातवा सामना. आदल्या रात्री यामामोतोनं ९६ चेंडू टाकून त्यांना जिवंत ठेवलं होतं. नवव्या इनिंगमध्ये, सामना बरोबरीत, यांचे पाय घसरलेले, आणि बुलपेनचं दार उघडलं. तोच. एक रात्र झोपून आलेला. मी उभा राहिलो. २०१४ मध्ये आमचा मॅडिसन बमगार्नर कॅन्सस सिटीला असाच सातव्या सामन्यात आला होता. पाच इनिंग टाकल्या आणि कप घेऊन गेला. तेव्हा मी जसा दिवाणखान्यात उभा होतो, तसाच आता उभा होतो, हे मला बायकोनं खुर्ची पुढे सरकवली तेव्हा कळलं.

अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ नं जिंकले. त्यानं आणखी ३४ चेंडू टाकले होते.

साडूचा फोन आला. या वेळी निरोप नव्हता, फोन. घसा बसलेला.

"तुमचा बमगार्नर किती दिवसांच्या विश्रांतीनं आला होता हो?"

"दोन."

"आमचा शून्य."

"बघितलं," मी म्हणालो. "दोन दिवसांत १३० चेंडू. जपा ते कोपर, साडूभाऊ."

पलीकडे मागचा आरडाओरडा ऐकू येत होता, फटाके होते की टीव्ही कळेना. तो थोडा वेळ गप्प होता.

"काय म्हणालात?"

त्या रात्री घड्याळं तासभर मागे घ्यायची होती. मी तेच कारण सांगितलं आणि फोन ठेवला.